न झालेल्या सभेचं इतिवृत्त

सिडको एन-सात, औरंगाबाद
११ फेब्रुवारी २०१९

प्रिय पुंजाराम,

तू माझा फोन ब्लॉक केला आहेस हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. आधी वाटलं, सिल्लोडला रेंज नसेल. मग कालिंदीच्या फोनवरून लावला, तर पहिल्याच घंटेला उचललास आणि माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. एकसष्ट वर्षांच्या माणसानं बायकोच्या फोनवरून चोरून बोलण्यापेक्षा पोस्ट बरं. पत्र ब्लॉक करता येत नाही.

भुवनेश्वरच्या शिबिरातून तुझं नाव काढल्याचं समजलं. अठरा वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय संघाला सहायक प्रशिक्षक म्हणून मराठवाड्यातला पहिला माणूस जाणार होता, आणि रग्बी महासंघानं ते एका ओळीत संपवलं. 'आपण अध्यक्षांवर अविश्वास व्यक्त केलेला असल्याने आपली नेमणूक रद्द करण्यात येत आहे.' खाली सही, शिक्का, झालं.

हेच मी चार वर्षं कंठशोष करून सांगतोय. बारा वर्षं एकच माणूस खुर्चीत. निवडणूक फक्त कागदावर. सभा कधी होते, कुठं होते, काय ठरतं, कुणाला पत्ता नाही. आणि कुणी तोंड उघडलं की त्याला बाहेरचा रस्ता. आपल्या 'लांबट चेंडू' ग्रुपवर राज्यातले एकशे चाळीस रग्बीवेडे आहेत. त्यांच्यासमोर मी तुझं प्रकरण लगेच मांडलं. मथळा दिला, 'पुंजाराम दांडगे यांचा बळी'. दिवसभर दुसरा विषय नव्हता. अध्यक्षांची बाजू घेणारे पुण्याचे दोघे तेवढ्यापुरते का होईना, गप्प बसले.

आता तुझा प्रश्न, जो तू मला विचारला नाहीस पण साऱ्या सिल्लोडला विचारतो आहेस असं ऐकतो. आपल्या देवगिरी रग्बी मंडळाच्या अविश्वास ठरावावर तुझी सही कशी आली? अरे, सही तुझीच आहे. 'पुं'वर अनुस्वाराच्या जागी तू भोपळा काढतोस, तोही आहे. मी मंडळाचा सचिव आहे, जादूगार नाही. अकरा सभासद, अकरा सह्या, ठराव एकमतानं. नऊ मंडळांनी अविश्वास कळवला की महासंघाला विशेष सभा घ्यावीच लागते, हा नियम तुला ठाऊक आहे. आठ झाली होती. आपण नववे ठरलो.

लढाईत कुणाला तरी पहिला वार लागतोच. तो तुला लागला याचं वाईट वाटतं. पण राग धरायचाच असेल तर वार करणाऱ्यावर धर.

तुझा
वैजनाथ चौसाळकर
(सचिव, देवगिरी रग्बी मंडळ)


औरंगाबाद
२७ फेब्रुवारी

प्रिय पुंजाराम,

काल तुझ्या घरून आशाबाईंचा कालिंदीला फोन आला होता. तुझा निरोप त्यांनी शब्दाला शब्द दिला. "मास्तर म्हणत्यात, म्या कोणत्याच मीटिंगला आलो न्हाय. मंग माझी सही मीटिंगला कशी आली, ते साहेबांना इचारा." फोन स्पीकरवर होता. कालिंदीनं मुद्दाम ठेवला होता, असा माझा संशय आहे.

तर, सभा. संस्थांमध्ये सभा कशा होतात हे तुला नव्यानं सांगायला नको. आपल्याकडं तेरा वर्षं अशाच होतात. मी रजिस्टर काखेत मारून स्कूटरवर निघतो. तात्यासाहेबांच्या जिनिंगवर पहिली सही, कारण ते आपल्या मंडळाचे अध्यक्ष. ते विचारतात, "विषय काय?" मी म्हणतो, "नेहमीचाच." मग गुलमंडी, मग हर्सूल, प्रत्येक घरी अर्धा कप चहा आणि एक सही. संध्याकाळी घरी येऊन मी सूचक आणि अनुमोदक ठरवतो आणि शेवटी लिहितो, 'सभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.' त्या वेळी खोलीत मी एकटा असतो. खेळीमेळीला काही कमी नसते.

सात जानेवारीची सभा झालीच नाही, असं म्हणता येणार नाही. मी आणि तात्यासाहेब जिनिंगच्या ओट्यावर पाऊण तास बसलो होतो, आणि महासंघाचा विषय निघाला होता. तात्यासाहेब म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटंल ते करा." हे मी पूर्ण पारदर्शकपणे तुला सांगतो आहे.

बाहेर वाद पेटला आहे. पुण्याचे दोघे परत जागे झाले. एकानं लिहिलं, 'अध्यक्षांच्या काळात आशियाई पदक आलं, टीव्हीवर सामने आले. तुमच्याकडं काय आलं?' मी चौदा मुद्द्यांत उत्तर दिलं. नागपूरवाले म्हणाले, मुद्दा क्रमांक सहा वाचताना अंगावर काटा आला. त्यात मी विचारलं होतं, महासंघ आपल्या सभांचं इतिवृत्त जाहीर का करत नाही? सभा खरोखर होतात तरी का?

तू ग्रुप सोडलास, नाहीतर वाचलं असतंस. तुझ्या नावानं किती लोक भांडत आहेत ते दिसलं असतं.

तुझा
वैजनाथ


औरंगाबाद
१८ मार्च

पुंजाराम,

काल मी सिल्लोडला आलो होतो, हे तुला माहीत आहे. जळगाव रस्त्याचं काम चालू आहे; फुलंब्रीपासून पुढं इतकी धूळ की उतरलो तेव्हा माझ्या मिशा पांढऱ्या झाल्या आहेत की आधीच होत्या ते कळेना. तू शाळेमागच्या मैदानावर होतास. मुली पळत होत्या आणि चेंडू मागं मागं देत होत्या. तू मला कुंपणापाशी पाहिलंस आणि पाठ केलीस. सराव संपला तरी तू वळला नाहीस. मुलींनी मात्र वळून वळून पाहिलं.

मग घरी गेलो. आशाबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "शिबिराला म्हणून नवी ब्याग आणली होती त्यांनी. चाकाची. परत द्यायला गेले तर दुकानदार घेईना. आता तिच्यात पोरींच्या जर्श्या ठिवल्यात." मी म्हटलं, महासंघानं फार वाईट केलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी काय केलं ते कागदावर लिवून तर कळवलं की. तुम्ही कवा कळवलं?"

परत येताना बसमध्ये मी तुला लिहायच्या पत्राची जुळवाजुळव करत होतो. तीन मुद्दे काढले. घरी आल्यावर ते तिन्ही खोडले.

तुझी सही कशी आली ते तुला ठाऊक आहेच, पण मी ते मान्य करावं एवढंच तुला हवं असेल, तर करतो. तू महिन्यातून एकदा शहरात येतोस, सहीसाठी दर वेळी अडतं, म्हणून पुढच्या चार कोऱ्या पानांवर तुझ्या सह्या घेऊन ठेवायची कल्पना माझी. ऑक्टोबरमध्ये आमखास मैदानावर, माझ्या स्कूटरच्या सीटवर रजिस्टर ठेवून तू सह्या केल्यास. तुझ्या हाताला चुना लागला होता, मैदान आखत होतास. मी म्हटलं, "वाचायला काहीच नाही रे, पानं कोरी आहेत." तू म्हणालास, "काय लिवायचं ते लिवा. तुम्ही चुकीचं लिवणार हाय का?"

सात जानेवारीचा ठराव मी त्यातल्या तिसऱ्या पानावर लिहिला.

वैजनाथ


औरंगाबाद
३१ मार्च

पुंजाराम,

महासंघाचं मला पत्र आलं आहे. तू त्यांना लिहिलंस, की 'मी सदर सभेस हजर नव्हतो'. एवढंच लिहिलंस. त्यांची बाजू घेतली नाहीस, माझी तक्रारही केली नाहीस. आता ते मला विचारताहेत: सात जानेवारीची सभा प्रत्यक्ष झाली का, आणि श्री. दांडगे हजर होते का, हे सचिवांनी सही-शिक्क्यानिशी पंधरा दिवसांत कळवावं.

'हो' लिहिलं तर तू खोटा ठरतोस आणि शिबिर कायमचं जातं. 'नाही' लिहिलं तर आपला ठराव रद्द, नऊची आठ मंडळं, आणि विशेष सभा बारगळली. चार वर्षांच्या खटपटीवर पाणी.

ग्रुपच्या पुढाऱ्यांचे फोनवर फोन. नागपूरवाले म्हणाले, "चौसाळकर साहेब, सरळ हो लिहा. एका माणसाचं शिबिर मोठं की देशातली रग्बी मोठी?" मी हे कालिंदीला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. म्हणाली, "तुम्ही त्या अध्यक्षाला रोज विचारता, सभेचं इतिवृत्त दाखव म्हणून. त्यानं उद्या विचारलं, तुझं दाखव, तर?" मी म्हटलं, आपलं मंडळ लहान आहे, त्याची आणि महासंघाची तुलना होत नाही. ती म्हणाली, "लहान आहे म्हणून तर अकरा जणांना बोलावणं सोपं होतं." आणि परत ज्वारी निवडायला लागली. पस्तीस वर्षांत तिनं एकही रग्बीचा सामना पाहिलेला नाही.

आता जे लिहितो ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सभा बोलवायला वेळ नव्हता असं मी स्वतःला सांगत आलो. वेळ होता. तात्यासाहेबांच्या ओट्यावरून उठल्यावर मी तुला फोन लावायला घेतला होता. नंबर काढला आणि खिशात ठेवला. मला वाटलं, हा नाही म्हणेल. महासंघाच्या अध्यक्षांनी एकदा तुझ्या मुलींना बूट दिले होते, तुझ्याबरोबर फोटो काढला होता, शिबिराची बोलणी चालू होती. विचारलं तर तू नाही म्हणशील अशी मला खात्री होती. म्हणून मी विचारलं नाही. घरी येऊन तुझ्या सहीच्या वर 'एकमताने' असं लिहिलं.

मला माझी लाज वाटते, पुंजाराम. उत्तर काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, हेही खरं आहे.

वैजनाथ


औरंगाबाद
१३ एप्रिल

प्रिय पुंजाराम,

सोबत मी महासंघाला पाठवलेल्या उत्तराची प्रत जोडली आहे. तीन ओळींचं आहे. 'सदर सभा झालेली नाही. श्री. दांडगे यांची सही कोऱ्या पानावर आगाऊ घेतलेली होती. चूक सर्वस्वी सचिवाची आहे.' नोकरीत तीस वर्षं पाटबंधारे खात्यात मसुदे लिहिले, पण इतका आखूड मसुदा माझ्या हातून कधी झाला नव्हता.

चार दिवसांत महासंघानं तुझी नेमणूक परत दिल्याचं कळलं. शिबिर बारा मेपासून. माझ्याबद्दल म्हणशील, तर व्हायचं ते झालं. अध्यक्षांच्या माणसांनी माझं पत्र देशभर फिरवलं. वर लिहिलं, 'हे पाहा पारदर्शकतेचे पुजारी'. हे त्यांनी केलं नसतं तर मला त्यांच्याबद्दल आदर वाटला असता. त्यांच्या जागी मीही केलं असतं. 'लांबट चेंडू'वर आपलेच लोक विचारताहेत, चौसाळकर कितीला विकले गेले? नागपूरवाल्यांनी मला ग्रुपमधून काढलं. मीच काढलेला ग्रुप.

तात्यासाहेब तेवढे हसले. म्हणाले, "तेरा वर्षांत पहिल्यांदा कळलं बरं का, की मी इतक्या सभांचा अध्यक्ष होतो."

रविवारी २८ एप्रिलला सकाळी दहा वाजता आमच्या कॉलनीच्या वाचनालयात मंडळाची सभा बोलावली आहे. अकराही जणांना नोटीस रजिस्टर्ड पोस्टानं. तुझी स्वतंत्र येईल. विषय दोन. एक, सचिवाचा राजीनामा. दोन, महासंघाच्या अध्यक्षांवरील अविश्वास. अविश्वास कळवायची मुदत १० मेपर्यंत आहे, त्यामुळं मंडळाला खरोखर वाटत असेल तर अजून कळवता येतं. वाटत नसेल तर तेही कळेल.

तू येऊ नकोस असं मला वाटतं. तुझं शिबिर आत्ताच हाती आलंय. कोण आलं, कोण कुठल्या बाजूला बसलं, हे लगेच वर कळतं. पण नोटीस पाठवणं माझं काम आहे.

तुझा
वैजनाथ


औरंगाबाद
३० एप्रिल

प्रिय पुंजाराम,

परवा तू सभा संपताच सिल्लोडच्या गाडीला पळालास. कालिंदीनं तुझ्यासाठी साखरभात करून ठेवला होता. तो आम्ही दोघं कालपर्यंत खात होतो. तू गेल्यानंतर जे झालं ते तुला कळायला हवं, आणि फोन अजून लागत नाही, म्हणून लिहितो. सभेचंही लिहितो, कारण त्यातलं काही मला स्वतःला लिहून पाहायचं आहे.

नऊ जण आले. अकरातले नऊ, एवढ्या उन्हात. खुर्च्या सात होत्या. आपण सगळे एका खोलीत पहिल्यांदाच बसलो, आणि दोघातिघांची तर एकमेकांशी ओळख करून द्यावी लागली, जे तेरा वर्षं एकाच पानावर सह्या करत होते. माझा राजीनामा वाचला. सचिवाचं काम गळ्यात पडेल या भीतीनं सगळे पंख्याकडं बघत होते. मग तूच म्हणालास, "राजीनामा कशाला? काम करा ना नीट." आणि तो विषय तिथंच संपला. मी मनातून सुटलो की अडकलो, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या विषयावर तासभर बोलणं झालं. अध्यक्षांच्या बाजूनं तिघं बोलले आणि खरं सांगतो, चांगलं बोलले. माझ्या चौदा मुद्द्यांतले दोन तिथंच पडले. मग हात वर करायला सांगितलं. माझा धरून चार हात वर आले. अध्यक्षांची बाजू घेणारे तिघं हात बांधून बसले होते. तात्यासाहेब अध्यक्षस्थानी म्हणून तटस्थ. चारविरुद्ध तीन, ठराव मंजूर. मी लिहायला खाली वाकलो तेवढ्यात तू हात वर केलास.

मी म्हटलं, "पुंजाराम, चार पुरेत. हात खाली घे."

तू म्हणालास, "तुम्हाला पुरत असत्याल. माझं मत हाय ते."

तात्यासाहेबांनीही समजावलं. "मास्तर, शिबिर जाईल बरं. बारा तारखेला पोचायचंय तुम्हाला."

तेव्हा तू उभा राहिलास. तू जे बोललास ते मी शब्दशः लिहून घेतलंय. "मागच्या राष्ट्रीय स्पर्धेत माझ्या संघातल्या एका पोरीचं खांद्याचं हाड मोडलं. तीन पत्रं लिवली म्या महासंघाला. एकाचं उत्तर आलं न्हाय. शिबिराचं पत्र मातर चार दिसात आलं, त्यांना गरज व्हती म्हणून. म्या बूट घेतले, फोटो काढला, ते पोरींसाठी. त्याचा अर्थ मी गप बसंल असा न्हाय." मग माझ्याकडं वळून म्हणालास, "वैजनाथराव, जानेवारीत तुम्ही इचारलं असतं ना, तर तवाच हात वर केला असता म्या. लई राग आला तो त्याचाच. शिबिर गेलं त्याचा न्हाय. तेरा वर्षांत तुम्ही मला एक डाव सुदिक इचारलं न्हाय." आणि खाली बसताना म्हणालास, "आता शिबिर गेलं तर माझ्या हातानं जाईल."

त्या वेळी मी लिहून घेत होतो. माझं उत्तर आता देतो. तुझं मत काय असेल हे मला माहीत आहे, असं मी गृहीत धरलं. तुझ्या संघातल्या मुलीचं हाड मोडलं हे मला माहीत होतं. तू तीन पत्रं लिहिलीस हे माहीत नव्हतं. मंडळाच्या लेटरहेडवर मी पाठवली असती, पण तू मागितलं नाहीस, कारण मागून काय होणार हे तुला माझ्याकडं बघून कळलं असेल. मला माफ कर, पुंजाराम. हे मी पाचही पत्रांत लिहायला हवं होतं, आणि एकातही लिहिलेलं नाही.

आता त्यानंतरचं. ठरावाची प्रत महासंघाला पाठवायची, तर बाजूनं मत देणाऱ्यांची नावं लिहावी लागतात. काल दुपारी मी टाइप करायला बसलो. 'ठरावाच्या बाजूने चार' असं टाइप केलं आणि चार नावं लिहिली. तुझं लिहिलं नाही. ठराव तसाही मंजूर होत होता. कुणाचं काही बिघडत नव्हतं आणि तुझं भुवनेश्वर वाचत होतं. सिल्लोडच्या मैदानावरून कुणी भुवनेश्वरला जाणं ही लहान गोष्ट आहे का? शिक्का मारला, पाकीट घेतलं, पत्ता लिहिला.

कालिंदीनं प्रत वाचली. मी समजावून सांगितलं, हे त्याच्या भल्यासाठी आहे. तिनं कागद टेबलावर ठेवला आणि आत गेली. मी बराच वेळ त्या 'चार'कडं बघत बसलो. जानेवारीत मी रग्बीच्या भल्यासाठी लिहिलं होतं. आता तुझ्या भल्यासाठी लिहीत होतो. दोन्ही वेळा तुला विचारलेलं नव्हतं.

कागद फाडला आणि नवा घातला. 'ठरावाच्या बाजूने पाच.' तुझं नाव लिहिताना रडू आलं, ते या वयात आवरण्याचं कारणही दिसेना.

आज सकाळी साडेअकराला सिडकोच्या पोस्टातून रजिस्टर्ड गेलं. शुक्रवारी पोचेल. तुझं शिबिर बहुतेक जाईल. या वेळी ते मी खरं लिहिल्यामुळं जाईल.

तुझा
वैजनाथ